बाबांनी कापलेली पानं

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला, तेव्हा माझ्या कुंड्या वाऱ्यावर पडल्या. रायपूरच्या कडेला आमचं कृषी महाविद्यालय. तिथल्या जाळीघरात मी धानाचे निरनिराळे वाण कुंड्यांत लावले होते. घरी मी आणि बाबा, दोघंच. ते रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले.

"पाणीच घालाचं हाये ना? मी घालतो," बाबा म्हणाले.

गुढियारीतल्या आमच्या घरून ते रोज सकाळी स्कूटरवर जायचे आणि दुपारी परत आले की मला मोसंबीचा रस देत सांगायचे, "तू झोप. तुही झाडं मस्त हायेत."

तीन आठवड्यांनी, पायात जोर नसतानाच, मी त्यांच्या मागे बसून गेले. जाळीघराचं दार उघडलं आणि दारातच थांबले. सगळ्या कुंड्या हिरव्यागार होत्या. एकाही झाडावर पिवळं पान नव्हतं.

"बाबा, पिवळी पानं कुठं गेली?"

"कापली. टोकापासून वाळून राहिली होती. बिमारी पसरन म्हणून जाळून बी टाकली." बाबांच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती.

मी खाली बसले आणि रडायला लागले. अशक्तपणात रडू लवकर येतं, पण ते नुसतं अशक्तपणाचं नव्हतं. ती पानं म्हणजेच माझा प्रयोग होता. आजारी पडायच्या आदल्याच दिवशी मी करप्याच्या जिवाणूंच्या पाण्यात कात्री बुडवून एकेका पानाचं टोक छाटलं होतं. रोग किती खाली उतरतो ते मोजलं की कोणता वाण तग धरतो ते कळणार होतं.

"बिमारी मीच लावली होती," मी म्हटलं.

"काहून?"

बाबा खरंच हबकले होते. विहारात, पाऱ्यात म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळीकडे ते सांगत फिरायचे की माही पोट्टी झाडाइची डॉक्टर हाये. डॉक्टर स्वतःच रोग लावते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ते "काय केलं आज?" विचारायचे आणि मी "कालचंच" म्हणून मोबाइल बघायची.

त्या दिवशी तिथेच जमिनीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले. मग म्हणाले, "तुह्या मॅडमले मी सांगतो. चूक माही हाये."

मी नको म्हणत असताना ते गेलेच. माझ्या गाइड मॅडमसमोर उभे राहून त्यांनी हिंदीत सांगितलं, "मैडम, पत्ते मैंने काटे. बेटी की गलती नहीं है."

मॅडम हसू आवरत म्हणाल्या, "बाबूजी, बीमार पत्ता देखकर कौन नहीं काटेगा? बैठिए. फिर से लगाएंगे."

पुन्हा बी टाकलं, पुन्हा रोपं वाढवली. या खेपेला लागण करताना कुंड्या बाबांनी धरल्या. दहा-बारा दिवसांनी मी एका पिवळ्या पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरला. थोड्या वेळानं कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघाल्यासारखी रेघ खाली उतरायला लागली. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे सारे जिवाणू?"

"हो. या पानाच्या शिरांमधले."

"बापा!" म्हणून ते ग्लासासमोरून हलेचनात.

मोजायच्या दिवशी ते आपली कारखान्यातली स्टीलची पट्टी घेऊन आले. ते आकडा सांगायचे, मी लिहायची. एकदा ते पट्टी लावत असतानाच मी घाईनं "असेल अंदाजे नऊ सेंटीमीटर" म्हटलं, तर पट्टी खाली ठेवून म्हणाले, "अंदाजानं चाक बसवलं असतं तं गाडी रुळावर राहिली असती काय?"

बहुतेक वाणांची पानं अर्ध्याहून जास्त वाळली होती. शेवटच्या रांगेत, जशपूरकडच्या एका जुन्या वाणाच्या कुंडीपाशी बाबा थांबले. त्यांनी एक पान मोजलं, दुसरं मोजलं, मग सगळीच मोजली. रोग टोकापाशीच अडून बसला होता.

"ए, हे पोट्टी तगून राहिली पाह्य!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचा माळी धावत आला.

तो वाण पुढच्या खरिपात उघड्या शेतात लावला. तिथे त्याला पानांवरच्या करप्यानं काही केलं नाही, पण मानमोडी पडली. हा बुरशीचा रोग, अगदी वेगळा. लोंब्या मानेतून मोडून लोंबकळल्या. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"एकाले टिकली, दुसऱ्यानं खाल्ली. मंग आता?"

"आता हिचा संकर करायचा. मानमोडीला टिकणाऱ्या वाणाशी."

"किती साल लागतील?"

"लागतील बरीच. सात, आठ."

ते उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायला आले, तर ओट्यावर दोन डबे भरलेले होते, एक माझा, एक त्यांचा, आणि बाबा खाली स्कूटरची सीट पुसत होते.