हजेरीवाले तात्या आणि अर्धी डिस्क

तात्या भोईर कुठल्याही नव्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत. हात पाठीमागे, मान किंचित वाकडी, गालात सुपारी. मग ती वस्तू म्हणजे कारखान्यात आलेलं लोखंडी कपाट असो, साहेबांची नवी मोटार असो, नाहीतर मी असो. खोपोलीच्या त्या कारखान्यात मी रुजू झाले त्या सकाळी ते माझ्याही खुर्चीभोवती एक चक्कर मारून गेले आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "बारकी हाय रं, पन टिकंल."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक मशीन, एक एसी आणि तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली मी. मशीन आलं तेव्हा त्याच्यापुढे नारळ फोडला होता आणि पडद्याला कुंकू लावलं होतं. ते पुसायचं धाडस मला वर्षभर झालं नाही. चपला बाहेर काढून आत यायचं, असा नियम होता. तात्या तर पायही धुऊन येत.

तात्या टाइम ऑफिसात हजेरीचे क्लार्क होते. तरुणपणी ते जमीन मोजणाऱ्या लोकांबरोबर हिंडले होते. कर्जत-खालापूरची निम्मी भातशेतं त्यांनी साखळी ओढत पालथी घातली होती, आणि ती मोजणी त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाही. कँटीनमध्ये कोणी बाकावर जास्त ऐसपैस बसला तरी ते म्हणत, "सरक रं, माझ्या गटात आलायस." कशेळ्याच्या बाजूला त्यांचं गाव होतं. तिथून एसटी, मग गाडी असं करत ते यायचे आणि तरी आमच्या आधी हजर असायचे.

कॉम्प्युटरवर त्यांचा अविश्वास नव्हता, पण त्याला ते नवशिक्या गड्यासारखं वागवत. मी छापलेली पहिली हजेरी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. "ह्यो त्या दिवशी सासऱ्याच्या दहाव्याला गेला व्हता. तुमचं मशीन खोटं बोलतंय, म्याडम." मशीन खोटं बोलत नाही, असं मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. मग तपासलं तर कामगाराचा नंबर टाइप करताना मीच एक आकडा चुकले होते. तात्यांची सुपारी या गालातून त्या गालात गेली.

आता त्या शनिवारची गोष्ट. मशीन विकणाऱ्यांनी आमच्या डिस्कचे दोन भाग करून दिले होते. एका भागात मशीन चालवणारं डॉस होतं. आमची सगळी कामं त्यावर चालत. दुसऱ्यात युनिक्सच्या जातीची एक सिस्टीम होती, पुढेमागे चार ऑफिसांत याच मशीनला जोडलेले पडदे बसवले तर लागेल म्हणून घातलेली. ते पडदे काही आले नाहीत आणि अर्धी डिस्क फुकट अडून राहिली. जागा कमी पडायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "ती दुसरी काढून टाका." दुपारी मी ती काढून टाकली, मोठ्या रुबाबात. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आली आणि पुढे काहीच नाही. चारदा केलं, चारदा तेच.

त्या डिस्कवर बदली, म्हणजे अजून कायम न झालेल्या, कामगारांची वर्षभराची हजेरी होती. ज्यांचे कामाचे ठरलेले दिवस भरले होते अशा अठरा जणांना कायम करायची यादी सोमवारी सकाळी साहेबांपुढे जायची होती. ती गेली नाही तर त्यांची गोष्ट पुढच्या वर्षावर. हजेरीची जुनी कार्डं, आता कॉम्प्युटर आहे म्हणून, रद्दीत गेली होती. आणि मी नक्कल करून ठेवलेल्या फ्लॉप्यांना खोपोलीच्या दमट हवेने पांढरी बुरशी आली होती. मुंबईला ट्रंक कॉल लावला, तर तिकडचा माणूस आरामात म्हणाला, "सगळी डिस्क पुसा आणि नव्याने घाला. बॅकअप असेलच ना?"

पुसायची फ्लॉपी मी हातात घेतली तेव्हा तात्या दारात उभे होते. "तोंड का उतरलंय?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडले, हेही सांगून टाकते. तात्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली.

"दोन भाव एका शेतात कसत व्हते," ते म्हणाले. "एक मुंबयला गेला. तर दुसऱ्याचं भात कुनी कापलं का?"

"माहीत नाही, तात्या."

"मंग बांधावर जाऊन बगा की आदी. बगितल्याबिगर नांगर घालायचा म्हंजे काय?"

"मशीन सुरूच होत नाही, तर बघू कशी?"

"फुडचं दार बंद हाय. परसदार नाय का घराला?"

होतं की! डॉसची फ्लॉपी घालून मशीन चालू करायचं, हे मला कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. घाबरल्यावर माणूस पहिल्या आठवड्यातलंच आधी विसरतो. मी फ्लॉपी घातली, मशीन उठलं, आणि मी त्याला डिस्कवर काय आहे ते विचारलं. पडद्यावर एकाखाली एक नावं सरकत गेली. महिन्यामहिन्याची हजेरी जिथल्या तिथे होती. मी एवढ्याने ओरडले की शिपाई चपलांसकट आत आला.

पण फ्लॉपी काढली की मशीन पुन्हा मुकं. तात्या स्टुलावर बसले. "रोज सकाळी दार कोन उघडायचं? ह्यो का गेलेला?"

"गेलेला. तोच विचारायचा, कुठे जायचं म्हणून. डॉस म्हटलं की आत सोडायचा."

"मंग कागदावर अजून त्याचंच नाव असंल. मानूस काढलात, म्याडम, पन फेरफार नाय घातला."

जमीन एकाची दुसऱ्याकडे गेली तरी तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होईपर्यंत सातबारावर जुनंच नाव राहतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला मात्र ते डिस्कच्या बाबतीत सुचलं नव्हतं. डिस्कच्या वाटण्या दाखवणारा पडदा मी उघडला. डॉसचा भाग होता, पण मशीनने सुरुवात कुठून करायची याची खूण त्याच्यावर नव्हती. ती खूण होती गेलेल्यावर, आणि त्याच्याबरोबरच ती गेली होती. मी ती डॉसवर लावली. फ्लॉपी काढली. मशीन चालू केलं. ते आपलं आपण उठलं.

"आन् मोकळा झालेला अर्धा?" तात्यांनी विचारलं. तो अजून कोणाच्याच खाती नव्हता. डॉस त्याला मोजतच नव्हतं. "पड ठिवू नका, कुनी तरी घुसंल." त्या भागाला, मशीनने तो ओळखावा म्हणून, स्वतःचं इंग्रजी अक्षर देऊन तो साफ करायचा होता. साफ करायची आज्ञा देण्याआधी, चुकून हजेरीचाच भाग पुसला जाऊ नये म्हणून, तात्यांनी ते अक्षर माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं. नाव काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "पडीक." पुढे तपासणीला आलेल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थाने हा पडीक कोण म्हणून विचारलं होतं.

एव्हाना संध्याकाळ झाली होती आणि तात्यांची गाडी गेली होती. त्यांनी तरी मला अठराच्या अठरा नावांचे दिवस छापायला लावले आणि एकेका नावावर बोट फिरवत वाचले. सोमवारी यादी गेली, आठवड्याने सही होऊन फळ्यावर लागली. कारखान्यात इतके पेढे वाटले गेले की एसीच्या खोलीत मुंग्या झाल्या.

पुढच्या वर्षी तात्या निवृत्त झाले. कँटीनमध्ये समारंभ होता. साहेब भाषणात म्हणाले, "बावीस वर्षांची अखंड सेवा." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेले तात्या टाळ्यांत हळूच म्हणाले, "पंचवीस."

"म्हणजे?"

"पयली तीन वर्सं बदली व्हतो. कार्डांची पेटी भिजली, शाई गेली. तवाचा साहेब म्हनाला, पुरावा नाय. मंग परत पयल्या दिवसापासनं."

हे ते हसत सांगत होते. त्या शनिवारी तात्या माझी नोकरी वाचवायला थांबले, असं मी वर्षभर समजत होते, आणि तसं चारचौघांत सांगतही होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

"तुम्हाला राग नाही आला, तात्या?"

"आला ना गं पोरी. म्हनून तर हजेरीचं टेबल मागून घेतलं."

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि ते धोतर सावरत हार घ्यायला उठले.