खोडरबर बंद!

फिजिक्सच्या लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ झटकायला म्हात्रे मामा आहेत. किस्से मात्र मलाच घेऊन फिरावे लागतात, आणि चार मैत्रिणी भेटल्या की ते बाहेर पडतातच!

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी फर्स्ट इयरची प्रॅक्टिकल्स घेते. वय सव्वीस. त्यामुळे आमचे हेड देवस्थळी सर मला 'अगं' म्हणतात, लॅब असिस्टंट म्हात्रे मामा 'मॅडम' म्हणतात, आणि ऐकत दोघंही नाहीत.

*

जॉइन झाले त्याच आठवड्यात मी स्पेक्ट्रोमीटर बाहेर काढला. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला तर काहीच दिसेना. बघते तर आत भिंगच नाही!

"मामा, याचं भिंग कुठेय?"

"कपाटान हाय ना मॅडम. पोरं हात लावतान. फुटलं म्हंजे?"

"कधीपासून कपाटात आहे?"

"झाली असतील दोन वर्सा."

मी जुन्या जर्नलांचा गठ्ठा उघडला. दोन वर्षं प्रत्येक मुलाने त्या आंधळ्या दुर्बिणीतून रीडिंग्ज घेतलेली. उत्तरं दशांश चिन्हापुढेही अचूक! खाली देवस्थळी सरांची सही आणि शेरा: 'उत्तम निरीक्षण'.

*

यामागची पद्धत साधी होती. पुस्तकातलं उत्तर आधी लिहायचं, मग उलटं गणित करत रीडिंग्ज तयार करायची. सगळं पेन्सिलने, म्हणजे जमेना तर खोडता येतं. मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"अगं, सगळीकडे असंच चालतं," सर म्हणाले. "आम्हीही असेच शिकलो."

"ते दिसतंच आहे, सर."

हे मनात म्हणायचं होतं. तोंडातून गेलं!

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक आहे. बी बॅच तुझी, घे तुझ्या पद्धतीने. परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई येतील. त्यांनी नाक मुरडलं, तर पुढच्या टर्मपासून सगळं पूर्वीसारखं. आणि तू फक्त थिअरी घ्यायचीस. लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही."

मी त्याच दुपारी लॅबच्या दारावर कागद चिकटवला. 'बी बॅच: पेनाने लिहा. आलं तेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा आणि पुन्हा करा. खोडरबर बंद!'

पोरांनी तो दोनदा वाचला. मग हर्षलने हात वर केला. "मॅडम, मग उत्तर बरोबर कसं येणार?"

*

हा हर्षल कल्याणचा. त्याचे पप्पा वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. लंबकाचा प्रयोग होता. मी विचारलं, "गोळा जड केला तर झोका लवकर पूर्ण होईल का? आधी अंदाज लिहा, मग करून बघा." हर्षलने लिहिलं, 'होणारच.' करून बघितलं, वेळ तेवढाच!

घरी जाऊन त्याने पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "त्या गोटीएवढ्या गोळ्याने काय कळणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधला मुठीएवढा बोल्ट पाठवला. वेळ तेवढाच.

"तू नीट बांधला नसशील," पप्पा फोनवर म्हणाले.

शनिवारी पालक मीटिंग होती. हर्षलच्या मार्कांबद्दल एक अक्षर न विचारता पप्पा थेट लॅबमध्ये शिरले, बोल्ट स्वतः बांधला, दोऱ्याची लांबी स्वतः मोजली आणि वीस झोके मोजले. आकडा तोच आल्यावर त्यांनी स्टॉपवॉच उलटंसुलटं करून बघितलं.

मग मला म्हणाले, "मॅडम, तुमचं घड्याळ कुठल्या कंपनीचं?"

*

आता याच लंबकाची खरी गंमत. वीस झोक्यांना किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा. पुस्तकात तो ९.८. आमच्या बॅचला आला १०.८. सगळ्यांना!

"आपल्या ठाण्याचं पाणीच भारी आहे," हर्षल म्हणाला.

मला रात्रभर झोप नाही. सरांना कळलं तर संपलंच. पण चूक शोधली वर्तकनगरहून येणाऱ्या साक्षी नावाच्या विद्यार्थिनीने. एरवी वर्गात हूं की चूं न करणारी मुलगी. दुसऱ्या दिवशी धावत आली. "मॅडम, गोळा सोडतानाच आपण 'एक' म्हणतो! पण तेव्हा झोका कुठे झालेला असतो? आपण एकोणीसच मोजतोय, आणि भागतोय वीसने!"

तेव्हापासून गोळा सोडताना अख्खी बी बॅच एका सुरात ओरडते, "शून्य!" शेजारच्या केमिस्ट्रीवाल्यांनी लेखी तक्रार केली आहे.

*

परीक्षेचा दिवस. बाहेरच्या परीक्षक बाईंनी साक्षीचं जर्नल उचललं. पेनाने लिहिलेलं, चार ठिकाणी रेघा, आणि उत्तर ९.६.

"एवढी खाडाखोड?" बाईंच्या कपाळावर आठी.

देवस्थळी सर हीच वेळ बघत असावेत. "हल्लीच्या मुलांच्या हातात कसब म्हणून नाही, मॅडम. मी दाखवतो."

बाह्या सरसावल्या. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात गोळा. सोडला आणि खणखणीत आवाजात मोजायला लागले, "एक!"

बी बॅचने एकमेकांकडे बघितलं. मी हर्षलचा पाय दाबून ठेवलेला.

वीस झाले. सरांनी साक्षीच्याच जर्नलमध्ये तिच्याच पेनाने गणित केलं. १०.८. पुन्हा केलं. १०.८. बाई वाकून बघत होत्या. म्हात्रे मामांनी इतक्या वर्षांच्या सवयीने खिशातून खोडरबर काढून सरांपुढे धरला.

सरांचा हात पुढे झाला तेवढ्यात साक्षी म्हणाली, अगदी हळू, "सर, आमच्या बॅचला खोडरबर बंद आहे. एक रेघ मारा आणि पुन्हा करा."

मामांनी खोडरबर परत खिशात टाकला.

सरांनी दारावरच्या कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पेन उचललं आणि १०.८ वर एक सरळ रेघ मारली. गोळा हातात घेतला, ओढून धरला.

"कुठून मोजू गं?" त्यांनी साक्षीला विचारलं.