वेगळं ठेवलेलं पिल्लू

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत गोपिकाबाईंना नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. शेजारीण 'रोहितच्या आई' म्हणायची, दूधवाला 'आजी'. कुहीजवळच्या गावात त्या साऱ्यांच्या गोपिकाकाकू होत्या. पण दोन वर्षांपूर्वी नवरा ताराचंद गेला, रोहितनं शेत अर्ध्या वाट्यानं बटईला दिलं, घराला कुलूप घातलं आणि आईला नागपुरात आपल्या घरी आणलं. त्यात वाईट असं काही नव्हतं. रोहित सकाळीच कंपनीत जाई, सून दीप्ती पतसंस्थेत. नातू केयूर शिकायला कोट्याच्या होस्टेलवर. फाटक लागलं की घरात फ्रीजच्या घुरघुरीशिवाय आवाज नसे. रेडिओ लावला तर आणखीच रिकामं वाटे. मग गोपिकाबाई गच्चीवर जाऊन उन्हात बसत.

दिवाळी झाल्यावर त्यांनी कोंबडीची पिल्लं मागितली.

"आई, हे सक्करदरा आहे, कुही नाही," रोहित म्हणाला. "लोक हसतील ना."

"हसू दे. कोणाचं तरी हसणं ऐकू येईल मले."

रविवारी रोहितनं डझनभर पिल्लं आणली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बल्ब टांगून दिला आणि बजावलं, "हे मेले तर मी पुन्हा आणणार नाही हं. आधीच सांगून ठेवतो."

गावी पिल्लांचं सगळं खुडूक कोंबडीच पाहायची. गोपिकाबाई फक्त तांदळाची कणी टाकायच्या आणि मुंगूस हाकलायच्या. इथं आईच्या जागी पिवळा बल्ब होता. त्यांनी त्याच्याशी जमवून घेतलं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गर्दी करू लागली की त्यांना थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्यायचा. भिंतीकडे पळून चोची उघडून बसली की बल्ब वर. सगळी पसरून, पाय ताणून झोपली की बरोबर. खाली धानाचं तूस अंथरलेलं होतं, पाण्याला स्टीलची मोठी परात. त्या परातीत पिल्लं पाय बुडवत, नाचत, पाणी उडवत. गोपिकाबाईंना ते पाहायला इतकं आवडे, की भिजलेलं तूस बदलायचं त्यांच्या ध्यानात येत नसे. सकाळी जाग आली की आता उठण्याला कारण होतं.

एका सकाळी तांबडं पिल्लू बाजूला उभं दिसलं. अंग फुगवलेलं, पंख ढिले सोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. कणी पुढे केली तरी चोच हलेना. तुसावर लालसर विष्ठा पडलेली होती. आदल्या दिवशी बीटाची सालं बारीक चिरून टाकली होती, त्याचाच रंग असेल म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. गावी पिल्लू गळाटलं की ते संध्याकाळी कोंबडीच्या पोटाखाली सरकवून देत. ऊब लागली की पुष्कळदा सावरायचं. इथं कोंबडी नव्हती. म्हणून त्यांनी तांबडं उचललं आणि बल्बखालच्या गर्दीत मधोमध ठेवलं, भावंडांची ऊब लागावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचं काळं पिल्लू मेलेलं सापडलं. तांबडं तसंच उभं होतं. मग आणखी एकानं पंख टाकले. आणि विष्ठा अजून लालच होती. घरात तर परवानंतर बीट आलंच नव्हतं.

गोपिकाबाईंनी विष्ठा कागदात गुंडाळली आणि ऑटो करून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथं गार्गी नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं तपासणी करून सांगितलं, "आजी, हा बीटाचा रंग नाही, रक्त आहे. आतड्यांचा आजार आहे. ओल्या तुसात वाढतो आणि विष्ठेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो."

"मंग आता?"

"ही पुडी पाण्यात, वर लिहिलंय तेवढीच. दुसरं पाणी ठेवायचंच नाही. सगळं तूस काढून कोरडं घाला. परात बंद, पाय बुडणार नाही असं भांडं ठेवा. आणि जे आजारी आहे ते वेगळं. स्वतः पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, घशात ओतू नका."

"वेगळं म्हणजे एकटंच?"

"एकटंच. उबेत, पण एकटं."

"पोरी, एकटं पिल्लू लई ओरडते वं."

डॉक्टर हसली. "ओरडू द्या. ओरडतंय म्हणजे जीव आहे."

घरी येऊन गोपिकाबाईंनी खोली खरवडून काढली, उन्हात वाळवली, नवं तूस पसरलं, औषधाचं पाणी ठेवलं. तांबड्यासाठी फळांचं खोकंही आणलं. आधी त्याला त्यात ठेवलं मात्र, ते असं टाहो फोडू लागलं की त्यांना गावच्या घराला कुलूप लागलं ती शेवटची संध्याकाळ आठवली. अर्ध्या जिन्यातून त्या परत फिरल्या आणि त्यांनी त्याला पुन्हा इतरांत सोडलं. ते लगेच गप्प झालं. बाईंनाही बरं वाटलं.

पंख टाकलेलं दुसरं पिल्लू त्या रात्रीत गेलं, आणि सकाळी एक चांगलं चरणारं पिल्लू फुगून बसलं.

कपडे वाळत घालायला दीप्ती वर आली तेव्हा सासू मेलेलं पिल्लू पदरात घेऊन बसलेली होती.

"आई, डॉक्टरनं वेगळं ठेवा म्हटलं होतं ना? हे खोकं तर रिकामंच आहे."

"राहत नाही वं ते. लई रडते."

"ते रडते का तुम्ही?"

दीप्ती बादली खाली ठेवून सासूजवळ बसली.

"आई, मागच्या वर्षी केयूरले होस्टेलवर कांजिण्या झाल्या होत्या. त्यालेही वेगळ्याच खोलीत ठेवलं होतं."

"काय म्हणतेस! मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रडल्या असत्या. मग मलाही आवरता आलं नसतं. तो रोज फोनवर म्हणे, मम्मी, मला इथून काढ. मी म्हणे, झोप राजा. फोन ठेवला की बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसायची. पण बाहेर ये म्हटलं नाही. त्याच्या नेहमीच्या खोलीत बाकीचे पोरं होते ना आई."

गोपिकाबाईंनी सुनेकडे पाहिलं. एका घरात राहून ही बाई ते सगळे दिवस एकटीच रडत होती आणि आपल्याला नळाचा आवाज तेवढा ऐकू आला होता.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी मेलेलं पिल्लू कागदावर ठेवलं, हात साबणानं धुतले आणि दोन्ही आजारी पिल्लं उचलली. आणखी एक खोकं शोधलं; एक जिन्याच्या एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला ठेवलं. दीप्तीनं खालून टेबललॅम्प आणून मध्ये लावला. तांबड्यानं लगेच टाहो फोडला.

"चला खाली," दीप्ती म्हणाली.

"चल."

खाली दोघींनी चहा घेतला. पिल्लाचा आवाज येतच राहिला. दोघींपैकी कोणीही उठलं नाही.

पुढे मात्र गोपिकाबाईंनी नियम मोडला नाही. आधी चांगल्या पिल्लांचं करायचं, मग हात धुऊन आजाऱ्यांचं, पुन्हा हात धुवायचे. चोचीच्या कडेला औषधाचं पाणी लावायचं आणि निघून यायचं. मागाहून फुगलेलं पिल्लू लवकर सावरलं आणि इतरांत मिसळलं. तांबडं रेंगाळलं, पण एका दुपारी त्यानं आपल्या चोचीनं कणी टिपली. विष्ठा निवळली. डॉक्टरला फोन करून विचारलं तेव्हा ती म्हणाली, आता सोडायला हरकत नाही.

गोपिकाबाईंनी मोठ्या हौसेनं त्याला खोलीत सोडलं. ते धावतच बल्बखाली गेलं. आणि सगळी त्याच्या अंगावर आली. डोक्यावर, पाठीवर चोची बसू लागल्या. तांबडं कोपऱ्यात दबून बसलं. बाईंनी झटकन ते उचललं.

"दीप्ती, इकडे ये ना वं! हे तं ओळखच विसरले!"

दीप्ती वर आली. "जाळी लावू मधात. दिसतील एकमेकांले. होईल सवय."

रोहितनं संध्याकाळी जाळी ठोकून दिली. किती मेली, काय झालं, त्यानं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा न आणण्याचं काही बोलला नाही. जाळीच्या एका बाजूला सारी, दुसऱ्या बाजूला तांबडं. ते जाळीला खेटून उभं राही आणि पलीकडची पिल्लं कणी टिपत निघून जात. गोपिकाबाई त्याच्या बाजूला पाट टाकून बसू लागल्या.

एका दुपारी पलीकडून भुरं पिल्लू आलं. त्यानं तांबड्याकडे पाहिलंदेखील नाही. जाळीला पाठ लावून ते बसलं आणि पिसं साफ करू लागलं. थोड्या वेळानं तांबडंही आपल्या बाजूनं तिथंच टेकलं. मध्ये जाळी होती.

"आई, जेवायला या," सुट्टीमुळे घरी असलेल्या दीप्तीनं खालून हाक दिली.

"येतो," गोपिकाबाई हळूच म्हणाल्या, पिल्लं दचकू नयेत इतक्या हळू. आणि बसूनच राहिल्या.