झिपऱ्याच्या कानामागची जट

तर हळदकुंकू लावून झालं आणि तुळजाबाईनं कुत्र्यापुढं हात जोडले, इथवर काल आलो होतो. कुत्रं त्या वेळी हसत होतं असं बलभीम सांगतो, पण बलभीमचं काय घ्यायचं, त्याला म्हैससुद्धा हसताना दिसते. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं.

तुळजाबाई येरमाळ्याची. येडाई देवीच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं ओटीच्या सामानाचं दुकान. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या. नवरा बलभीम शेत बघतो आणि उरलेला वेळ दुकानात बसून गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवतो. बाई देवीला निघालेली असते, ती ह्याच्या बैलाची कथा ऐकत उभी राहते आणि नारळ घ्यायचा विसरून जाते.

त्यांची नात निकिता पुण्याला नोकरीला. तिनं तिकडं एक कुत्रं पाळलं. बुटकं, चपट्या नाकाचं, आणि अंगावर केस एवढे, की शेपूट हलल्याशिवाय पुढची बाजू कोणती नि मागची कोणती ते कळू नये. नव्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हटलं, म्हणून दुसरं घर मिळेपर्यंत ते आजीकडं आलं. नाव ऑस्कर. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याचं झिपऱ्या केलं, आणि तोही झिपऱ्या म्हटलं की लगेच बघायला लागला.

जाताना निकितानं ब्रश दिला, कंगवा दिला, आणि बजावून गेली, "आजी, रोज विंचरायचं. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही." आजी बरं म्हणाली. पण घरात दोन माणसं, दुकान, शेत, म्हैस. बलभीमनं तो ब्रश एकदा म्हशीच्या पाठीवर फिरवून बघितला. म्हशीला आवडला. मग तो गोठ्यातच राहिला.

पावसाळा सरला, बांधावरचं गवत वाळलं. झिपऱ्या बलभीमच्या मागं शेतात जायचा नि अंगभर कुसळं घेऊन यायचा. एक दिवस त्याच्या डाव्या कानामागं तुळजाबाईच्या हाताला गाठ लागली. तिनं कंगवा घालून ओढली, तसं कुत्रं केकाटलं. शेजारची बानूबाई पाणी भरता भरता थांबली, हंडा खाली ठेवून वाकून बघितलं, आणि हळूच म्हणाली, "तुळजे, वढू नगंस. जट हाय ती."

"कुत्र्याला कशाची जट आली?"

"येडाईच्या वाटंवर ऱ्हातंय ते. मंगळवारी आलं तुज्या घरी. ध्यानात हाय का?"

दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं. पण तुळजाबाईच्या आईला जट होती. डोक्याच्या एका बाजूनं उतरलेली, दोरखंडासारखी. देवीची म्हणून तिला कधी कात्री लागली नाही. भावकीतल्या एकीनं कापली आणि तिचं लेकरू गेलं, ही गोष्ट तुळजाबाईनं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की त्या न बघितलेल्या लेकराचं तोंडसुद्धा तिला आठवायचं. जट कापली की घरच्या लेकरावर येतं. आणि ह्या घरचं लेकरू म्हणजे एकटी निकिता.

त्या दिवसापासून कंगवा बंद. मंगळवारी आणि शुक्रवारी झिपऱ्याला आंघोळ, मग गाठीला तेल, वर हळदकुंकू. बिचारा ओला होऊन ओट्यावर बसायचा, देवीला जाणाऱ्या बाया वाकून नमस्कार करायच्या, एखादी फूल ठेवायची. बलभीम म्हणायचा, "आता ह्यालाच दुकानावर बसव, मी जातो भुंकायला." तुळजाबाईला हसू येत नव्हतं. कारण गाठ वाढत चालली होती. आधी लिंबाएवढी, मग कानाच्या मुळापर्यंत, मग गळ्याच्या पट्ट्याखाली, मग काखेत. जेवढी आंघोळ घालावी तेवढी ती आवळत होती, आणि तुळजाबाईला वाटायचं, आपल्या सेवेत काहीतरी कमी पडतंय.

निकिताचा व्हिडिओ कॉल आला की ती कुत्र्याचा डावा कान भिंतीकडं करून बसायची.

"आजी, त्याचा चेहरा असा तिरका का दिसतोय?"

"तुझा फोनच तिरका हाय. जेवलीस का?"

मग झिपऱ्यानं दूध-भाकरी टाकली. डोकं झाडायला लागला. कानाजवळ वास यायला लागला. बलभीमनं पट्टा सोडायला हात घातला तर त्याच्या बोटाला चावला. चावला म्हणजे नुसते दात टेकवले, पण ज्यानं कधी मांजरावर गुरगुर केली नाही त्यानं टेकवले. त्यातच निकिताचा फोन, "घर मिळालं आजी. रविवारी त्याला न्यायला येते."

"आता काय करतीस?" बलभीमनं विचारलं. "नातीला काय दावणार हाईस, जट का जखम?"

झिपऱ्या कोपऱ्यात झोपला होता, मान एका अंगाला टाकून. तुळजाबाईची आई अशीच झोपायची. जटेच्या ओझ्यानं मान कलायची, कूस बदलता यायची नाही, रात्रभर कण्हायची, आणि सकाळी कुणी विचारलं तर म्हणायची, देवीआईची मर्जी. तुळजाबाईनं उठून जुन्या लुगड्यात कुत्रं गुंडाळलं आणि बलभीमला म्हणाली, "गाडी काढा."

कळंबला डॉक्टर योगीराज. गायी-म्हशींचा डॉक्टर, पण हात हलका. त्यानं कुत्र्याला टेबलावर घेतलं, कान उचलला, वास घेतला.

"मावशी, आंघोळ कधी घालता?"

"मंगळवारी आन् शुक्रवारी."

"आणि विंचरता कधी? आंघोळीच्या आधी का नंतर?"

"इंचरीत न्हाय. जट हाय ती."

डॉक्टर त्याच भागातला. हसला नाही. म्हणाला, "पिंजारी अंथरायला लोकरीचा बुरणूस करतो ते बघितलंय का कधी?"

"बघितलंय की. लोकर भिजवायची नि तुडवायची. घट्ट व्हती."

"मग तुम्ही आठवड्यातनं दोनदा ह्याच्या कानामागं बुरणूस करताय. गुंता सोडवल्याशिवाय पाणी घातलं की केस केसात आवळतो. आत कातडी सडायला लागलीय. मी आत्ता कापून टाकतो."

त्यानं कात्री घेतली तसा तुळजाबाईनं त्याचा हात धरला. "डॉक्टर, लेकरं हाईत का तुमाला?"

"एक मुलगी आहे. का हो?"

"मंग तुमी नगा कापू. मला शिकवा."

डॉक्टरनं कात्री खाली ठेवली आणि उजव्या कानामागची लहान गाठ दाखवत सुरुवात केली. आधी कोरडं. गाठीवर मक्याचं पीठ चोळायचं, केस सुटे होतात. मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. मग बोटांनी फोडायची. मग कंगवा, तोही टोकाकडनं. टोक सुटलं की थोडं वर, ते सुटलं की आणखी वर. मुळातनं कंगवा घालून ओढला की संपलं. तुळजाबाईनं केलं. लहान गाठ सुटली आणि झिपऱ्यानं तिचा अंगठा चाटला.

"डावीकडची सुटायची नाही, ती कापावीच लागेल," डॉक्टर म्हणाला. "कातडी नि गाठ ह्यांच्या मधी कंगवा सरकवायचा आणि कात्री कंगव्याच्या वरनं चालवायची. कंगवा मधी नसला तर कान कापला जाईल. घाई करू नका." मलम दिलं, गोळ्या दिल्या.

शनिवारी सकाळी तुळजाबाईनं दुकान उघडलं नाही. डोंगराकडं तोंड करून हात जोडले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि ओट्यावर बसली. बलभीमनं कुत्रं धरलं. बानूबाई दारात आली आणि कात्री बघून तिथंच खांबाला टेकली.

"तुळजे, इचार कर. एकुलत्या पोरीचं घर हाय तुजं."

"तू आत जा बानू. बघू नगं."

बानूबाई काही आत गेली नाही. कंगवा सरकवायला जागाच सापडत नव्हती. तुळजाबाई दोन बोटांनी मुळाशी चाचपत राहिली. कंगव्याचं टोक आत शिरलं. कात्री थोडी चालली, थांबली, पुन्हा चालली. गाठ तिच्या तळहातावर आली, तेलकट, कुंकवानं लाल झालेली. खाली कातडी ओली, सोललेली. आणि त्या कातडीत एक कुसळ रुतलेलं. तिनं ते चिमटीनं उपसलं, मलम लावलं. झिपऱ्यानं डोकं झाडलं, आणि कितीतरी दिवसांनी मान सरळ धरून उभा राहिला.

"कुसळच की गं," बानूबाई म्हणाली.

तुळजाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं हात धुतले नि पहिला फोन निकिताला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बंद. दुपारी लावला, बंद. बलभीम म्हणाला, "असंल कामात." तिसऱ्यांदा हे म्हणून झाल्यावर त्यानं स्वतःच फोन हातात घेतला नि लावून बघितला. तुळजाबाईनं भाकरी केली नाही. दारात बसली, आणि महामार्गाकडनं कुणी माणूस गल्लीत वळला की ती अर्धी उठायची, हा काय सांगत येतोय म्हणून. निकिताच्या कुणा मैत्रिणीला फोन करावा तर नंबर नाही. झिपऱ्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता, आणि तिला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

दिवस कलला आणि पाठीवर पिशवी घेऊन निकिताच गल्लीत वळली. सुट्टी मिळाली म्हणून एक दिवस आधी निघाली, नि बसमध्ये फोनची बॅटरी उतरली. तुळजाबाईनं बसल्या जागेवरनंच नातीचे हात चाचपले, तोंड चाचपलं, आणि मग रडत रडत सगळं सांगितलं. गाठ, हळदकुंकू, आंघोळी, भिंतीकडं केलेला कान, कात्री.

निकितानं झिपऱ्याचा बोडका कान बघितला, मलम बघितलं. मग तिनं विचारलं, "आजी, कापली की माझ्यावर येईल असं वाटत होतं ना तुला? मग कापताना भीती नाही वाटली?"

तुळजाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "वाटली की. अजूनबी वाटतीया. येडाईला आधीच सांगितलं व्हतं, हात माजा हाय, तवा माज्याकडं बघ, पोरीकडं बघू नगं. पर ह्या मुक्याला काय सांगू, माजं भ्याव मोडंस्तोवर तू कण्हत पड म्हनून? आता बोलत बसू नगं. ते मक्याचं पीठ आन हिकडं आन् ह्याचा पाय वर धर, काखंतली सोडवायची राह्यलीय."