पाहुण्यांसाठी राखलेला संडास

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंमुळे मी सातवीचं वर्ष पुरं केलं. काय झालं ते नंतर सांगते, आधी हे नाव घेते. नाव म्हणजे तरी काय, सगळं गाव मुख्याध्यापिकेला मोठ्या बाईच म्हणायचं. आज सुरतेत साड्यांना टिकल्या चिकटवताना कुणी विचारलं, ‘कितवी शिकलीस?’ तर मी ‘सातवी पास’ म्हणते. त्यातला ‘पास’ बाईंचा आहे.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. ऊस तोडायला कोपरगावकडे आलो आणि तिथेच राहिलो. वडील एका बागायतदाराकडे सालाने राहिले. घर त्यांच्याच वस्तीवर, गोठ्याला लागून. हे मालक शाळेच्या समितीचे अध्यक्षही होते. गावात कुठलीही समिती झाली की अध्यक्ष तेच.

शाळेत पोरींसाठी संडास होता. गुलाबी टाइल्स, आत आरसासुद्धा. पण त्याला कायम कुलूप, आणि किल्ली अध्यक्षांच्या कमरेला. कुलूप दोनदाच निघायचं, झेंडावंदनाला आणि तपासणीला. साहेब यायचे, आत डोकावून ‘वा’ म्हणायचे, चहा प्यायचे, जायचे. मग परत कुलूप. गावाला यात काही वावगं वाटायचं नाही. घरात पाहुण्यांसाठी चांगल्या कपबशा काढून ठेवतात ना, तसा तो संडास. ‘वापरला तर घाण व्हईल की,’ असं आयाबायासुद्धा म्हणायच्या.

आम्ही पोरी उसात जायचो. शाळेमागे बांध, बांधापलीकडे ऊस. एक आत, एक राखणीला बाहेर. भिंतीवर पोरं बसलेली असायची. आम्ही बांध ओलांडला की ओरडायची, “बिबट्या आला, बिबट्या आला!” मग शिट्ट्या. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. दुपारी डोकं ठणकायचं, फळ्यावरचं दिसायचं नाही. गुरुजी म्हणायचे, “ह्या वस्तीवरच्या पोरींना डोकंच नाही.” आम्हालाही ते खरं वाटायचं.

मग मी सहावीत असताना, हिवाळ्यात, बिबट्या खरंच आला. मालकांच्या गोठ्यातलं वासरू ओढून नेलं. वनखात्याने पिंजरा लावला तो नेमका शाळेमागच्या बांधावर. त्याच दिवशी वडिलांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं. “शाळा बास,” म्हणाले. “पोरगी जित्ती ऱ्हायली म्हंजी झालं. शेण काढायला घरीबी हात लागत्यातच.”

तेव्हा मोठ्या बाई नव्याच आलेल्या होत्या. तीन पोरी एकदम यायच्या बंद झाल्या म्हणून त्या पायी वस्तीवर आल्या. आईने पोतं अंथरलं, त्यावर बसल्या.

वडील हात जोडून म्हणाले, “बाई, तुमी म्हणाल ते खरं. पन पोरीला लागली तर ती जानार कुठं? तेवढं सांगा, लगेच धाडतो.”

बाई पोत्यावरून उठल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “सोमवारी ये. मी सांगते म्हणून ये.”

त्या थेट मालकांच्या ओट्यावर गेल्या. मी गोठ्यात होते, सगळं ऐकू येत होतं.

“अहो बाई, इम्पोर्टेड टाइल्स हायेत त्या,” मालक म्हणाले. “चिखलाच्या पायांनी घुसत्याल पोरी. उद्या साहेब आले तर दाखवायचं काय?”

“पोरी दाखवू,” बाई म्हणाल्या.

“अन् साहेबांना लागली तर?”

“तर साहेब जातील की उसात. पोरं आहेतच भिंतीवर, शिट्ट्या मारायला.”

ओट्यावरचे गडी खाली मान घालून हसले. मालक हसले नाहीत.

सोमवारी मी गेले. परिपाठ झाला. बाई खिचडीच्या खोलीत गेल्या, लोखंडी बत्ता घेऊन आल्या आणि सगळ्या शाळेसमोर त्यांनी ते कुलूप फोडलं. चार-पाच घाव लागले. एकदा बोटावरही बसला, तरी थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजपासून हा पोरींचा. आणि धुवायचा सगळ्यांनी.”

हे ‘सगळ्यांनी’ गावाला नडलं. त्याआधी शाळा झाडायची, टाकी भरायची ती आम्ही वस्तीवरच्या पोरांनी. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण घंटा झाली की खराटा आपोआप आमच्याच हातात यायचा. बाईंनी पहिल्या दिवशी स्वतः संडास धुतला, दुसऱ्या दिवशी गुरुजींना धुवायला लावला. गुरुजी नाकाला रुमाल बांधून पुटपुटत होते, “बी.एड. याचसाठी केलं होतं का?” मग आठवड्याला एक वर्ग, पोरं-पोरी सारखेच. भिंतीवर बसणारी पोरं बादल्या वाहायला लागली, तशा शिट्ट्या बंद झाल्या.

पुढचं सातवीचं वर्ष मला लख्ख आठवतं. मी पाणी प्यायचे. पाळीच्या दिवसांतही शाळेत जायचे. बाईंनी आम्हा मोठ्या पोरींना दार लावून सगळं नीट समजावलं होतं, ऑफिसच्या कपाटात पॅडही ठेवलेले असायचे. डोकं दुखायचं थांबलं आणि गणितं सुटायला लागली. मला डोकं होतं तर!

मी आठवीत गेले आणि मालकांचा नातू पाचवीत आला. त्याच्या वर्गाची संडास धुवायची पाळी आली. पोरगा खुशीत होता, पाणी उडवत होता. घरी जाऊन त्याने कौतुकाने सांगितलं. झालं.

समितीची सभा लागली. पालक सतरंजीवर, मालक खुर्चीत, बाई बाजूला उभ्या. चहा द्यायला आम्हा वस्तीवरच्या पोरींनाच बोलावलेलं. मालक शांतपणे म्हणाले, “ह्या बाई आपल्या लेकरांना गू काढायला लावत्यात. ज्यांची तक्रार हाय त्यांनी हात वर करा.”

पुढचे हात लगेच वर गेले. वडील मागे, चपलांपाशी बसले होते. त्यांनी आधी मालकांकडे बघितलं. मग हात वर केला. अर्धवट नाही, चांगला सरळ.

मी ट्रे घेऊन बाईंसमोर होते. ट्रे पुढे करायचा सोडून मी वडिलांकडेच बघत होते. बाईंनी कप उचलला आणि हळूच म्हणाल्या, “घरी गेल्यावर बापाला काही बोलू नकोस हं.”

मी नाही बोलले. आई बोलली.

“त्या बाईनं आपल्या पोरीला हाताला धरून शाळंत नेली. लाज न्हाई वाटली?”

“वाटली,” वडील म्हणाले. “लाजंवर चूल पेटती का? हात खाली ठिवला असता तर सकाळी आपली भांडी रस्त्यावर हुती.”

आईने चुलीत लाकूड सारलं. ते खरंच होतं. खरं होतं म्हणूनच मी त्यांना अजून माफ करू शकलेले नाही. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

बाईंची बदली झाली. तिकडे अकोले तालुक्यातल्या डोंगरात, लोक म्हणाले. कारण काय, तर पालकांची तक्रार. संडासाला नवं कुलूप लागलं. आठवडा गेला आणि वडिलांनी माझं दप्तर पुन्हा टांगलं. या वेळी वस्तीवर कुणी आलं नाही. पुढे मामाने सुरतेला आणलं, ती मी इथेच आहे.

मध्यंतरी चुलतभावाने मोबाईलवर फोटो पाठवला. शाळेला स्वच्छतेचं बक्षीस मिळालंय. गुलाबी टाइल्स चकाचक, शेजारी मालक, गळ्यात हार. वापरला नाही तर चकाचक राहणारच. मी फोटो पुसून टाकला. कारखान्यात मी आजही भीतभीतच पाणी पिते. कडी लावली तरी दार हाताने धरून बसते. इथे ऊस नाही, बिबट्या नाही, हे कळतं, पण अंगाला कळत नाही.

बाई, तुमच्या कागदांत कुठेतरी माझ्या बापाचा हात अजून वर आहे. तुम्ही कुठल्या गावात आहात ते मला माहीत नाही, पण शोधीन. एक दिवस तुमच्या शाळेत येईन, तिथले पालक बसलेले असताना उभी राहीन आणि सांगेन, की तक्रार बापाची होती, माझी नव्हती. तुम्ही नसता तर मी सहावीतच शेण काढायला बसले असते. एवढं तुम्हाला देणं लागते. ते फेडल्याशिवाय राहणार नाही.