साडूंचा तवंग

डोंबिवलीत राहून दक्षिण ध्रुवाची खडानखडा माहिती असलेला, पण आपल्या घराला मागचं दार आहे की नाही हे बायकोला विचारून सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात ते उपग्रहाने टिपलेली समुद्राची चित्रं वाचायचे. ‘बघायचे’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बघतात ते कॅलेंडर, मास्तर. चित्र वाचायचं असतं," असं ते मला बजावत. मी नौपाड्यातल्या शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणून मला मास्तर म्हणत. त्यात आदर किती आणि कीव किती, हे शेवटपर्यंत समजलं नाही. दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या जहाजाला बर्फातून वाट कुठे मोकळी आहे ते कळवायचं, आणि उरलेल्या वेळात आपल्या किनाऱ्यालगत कुठे तेलाचा तवंग पसरलाय का ते हुडकायचं, हे त्यांचं काम. ऐन मे महिन्यात हा गृहस्थ कामावर स्वेटर घालून बसे, कारण यंत्रांना उकडू नये म्हणून ती खोली गारठवून ठेवलेली असायची. संध्याकाळी डोंबिवलीला परतण्याआधी आमच्याकडे चहाला येत, तेव्हा घामाने निथळत असत आणि स्वेटर काढायचं विसरलेले असत.

डोंबिवलीच्या मानपाड्यात त्यांच्या आळीला एवढंच ठाऊक होतं, की हे बर्फाचं काहीतरी करतात. एकदा लग्नघरचा एक माणूस सकाळीच दारात उभा राहिला. "काका, परवा दोन लाद्या पाहिजेत. सरबताला." साडूंनी त्याला आत बसवून शांतपणे सांगितलं, की आमचा बर्फ दक्षिण ध्रुवाकडे असतो आणि जहाजाने यायला महिना तरी लागेल. तो बिचारा म्हणाला, "म्हणजे आधी सांगून ठेवायला हवं होतं." त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या ताईंनी, पुढे वर्षभर ही गोष्ट प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितली.

त्यांच्या शास्त्रात बर्फ कोवळा असतो आणि जून असतो. त्यामुळे ताईंबरोबर भाजी आणायला गेले, की भेंडी राहायची बाजूला आणि भाजीवालीला एक वर्ष टिकलेला बर्फ कसा ओळखावा हे ऐकून घ्यावं लागायचं. खिशात भिंग कायम. आमच्याकडे थालीपीठ वाढलं, की आधी त्याच्या भेगा पाहायचे. एकदा तर "इथून जहाज जाईल" म्हणून त्यांनी बोटानं वाट दाखवली आणि मग त्याच वाटेने तुकडा मोडला. आणि कुठल्याही गोष्टीबद्दल ठाम बोलणं त्यांना पाप वाटे. त्यांच्या अहवालात तीनच शब्द असत: शक्यता, बहुधा आणि खात्री. घरातही तेच. "भाजी बरी झालीये का?" असं ताईंनी विचारलं, की हे एक घास खाऊन म्हणायचे, "बहुधा." ताई म्हणत, "लग्नाला तीस माणसं साक्षीला होती, तरी यांना मी बायको आहे हे बहुधाच वाटतं!"

असा हा माणूस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी.

खाडीच्या मुखाजवळच्या एका चित्रात त्यांना मोठा काळा डाग दिसला. त्यांनी नियमाप्रमाणे लिहिलं, ‘तेलाचा तवंग, बहुधा.’ कार्यालयातून ही गोष्ट कुणाच्या तरी तोंडून एका स्थानिक वृत्तपत्रापर्यंत गेली, आणि दुसऱ्या दिवशी ठळक मथळा आला: खाडीत तेल! त्यांचा ‘बहुधा’ छपाईत गळून पडला होता.

साडू वर्तमानपत्रं वाचत नसत, त्यामुळे त्यांना याचा पत्ताच नव्हता. चार दिवसांनी ते आमच्याकडे चहा पीत बसले असताना चेंदणी कोळीवाड्यातली चांगुणाबाई दाराशी आली. ती बरीच वर्षं आमच्याकडे मासळी द्यायची. टोपली उतरवून ती उंबऱ्याशी नुसतीच बसली. टोपली शिगोशीग भरलेली.

"काय गं, आज विक्री नाही?" हिनं विचारलं.

"आज काय, चार दीस नाय. खाडीत तेल सांडलंय म्हनं. पेपरात आलंय. भरलेली टोपली न्यायची, भरलेली आनायची. रोजच्या बाया मना बघून दार लावतात, वयनी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जाल्याला तेल नाय, हाताला तेल नाय. ह्यांना कुटनं दिसलं?"

साडूंनी कपबशी खाली ठेवली. मी आधी त्यांच्याकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं. ते उठून दाराशी गेले आणि म्हणाले, "बाई, ते मला दिसलं. मी लिहिलं." चांगुणाबाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. एवढ्या उकाड्यात स्वेटर घातलेला माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला असावा. "मंग येऊन बगा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या दिराच्या होडीत बसलो. जन्मभर समुद्र वाचणारे माझे साडू त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर गेले. कळव्याचा पूल मागे पडतो न पडतो तोच ते ओकायला होडीच्या काठावर ओणवे झाले, ते मुखापर्यंत तसेच. मधूनमधून मान वर करून "किनाऱ्याची रेषा बरोबर आहे," एवढं सांगत आणि पुन्हा ओणवे होत. मुखाशी दिराने त्यांना जाळी दाखवली, काठाला नेऊन तिवरांची मुळं दाखवली. तेलाचा थेंब नव्हता. मग एका डोंगराच्या आडोशाला त्याने इंजिन बंद केलं. चहूकडे लाटा होत्या आणि तिथेच तेवढं पाणी तुळतुळीत, हलत नव्हतं.

"हितं डोंगूर वारा अडवतो," तो म्हणाला. "पानी निजतं. आमचा आजा पन सांगायचा."

साडूंनी गुडघ्यावर चित्र पसरलं. डोंगर, आडोसा, डाग. वारा नसलेलं पाणीही त्या चित्रात तेलासारखंच काळं दिसतं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांनी चित्राची गुंडाळी केली. मग म्हणाले, "मास्तर, या माणसाला एकदा विचारलं असतं ना!"

सोमवारी त्यांनी साहेबांकडे दुरुस्तीचा अहवाल दिला. साहेब म्हणाले, "राहू दे हो. लोक आपोआप विसरतात. उगाच कार्यालयाचं नाव कशाला?" साडूंनी मग स्वतःच्या नावाने त्या वृत्तपत्राला चिठ्ठी लिहिली. ती तीन ओळींत छापून आली, हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीखाली. कोणीच वाचली नाही. तेव्हा या गृहस्थाने रजा काढली आणि नौपाड्याच्या नाक्यावर चांगुणाबाईच्या टोपलीशेजारी, हातात चित्राची गुंडाळी घेऊन उभा राहिला. ज्याच्या घरात अंडंही कधी आलं नव्हतं, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत होता, "मासळी चांगली आहे. चूक माझी आहे. हे बघा, हा डोंगर." घोळका जमला. माझ्या शाळेतले दोन शिक्षकही त्यात होते. मी पानाच्या टपरीमागे उभा होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एका जाड्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही स्वतः खाता का?"

"नाही. जन्मात खाल्ली नाही."

"मग आम्ही का विश्वास ठेवायचा?"

उत्तर चांगुणाबाईकडे होतं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "खातो का ते नका इचारू! पानी बगाया सोता आलाय तो, मुखापातूर, आक्का टाईम वकत वकत! तुमी गेल्ता का?"

घोळका खो-खो हसला. साडूही हसले. आणि त्या जाड्या गृहस्थांनीच पहिले बोंबील घेतले. दुपारपर्यंत टोपलीचा तळ दिसला.

कार्यालयाला मात्र याचं हसू आलं नाही. साडूंना जुन्या चित्रांच्या कपाटांवर देखरेखीला बसवलं गेलं. बर्फाची नवी चित्रं पुन्हा त्यांच्या टेबलावर आली नाहीत. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. एकदाच, मी फार खोदून विचारलं तेव्हा, "या वर्षी वाट कुठून मोकळी झाली, कोण जाणे," एवढं म्हणाले आणि चहा गार होऊ दिला. नारळी पौर्णिमेला चेंदणीहून नारळीभाताचा डबा आमच्याकडे यायचा, त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात केलेला, आणि मी तो डोंबिवलीला पोचवायचो.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे नागपूरला जायला निघाले. निरोपाला आम्ही गेलो, तर चांगुणाबाई सुनेला घेऊन आधीच आलेली. त्यांच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. सामान बांधलेल्या खोलीत दोघं समोरासमोर बसली होती आणि साडू बांधलेल्याच खोक्याची दोरी पुन्हा आवळत होते.

"तिकडं दर्या नाय म्हनं," शेवटी ती म्हणाली.

"नाही. तलाव आहे."

"तलाव बी पानीच."

रिक्षा आली. साडूंनी तिला हात जोडले आणि रिक्षा वळेपर्यंत खाली केले नाहीत. ती रस्त्यावरच उभी राहिली. सून म्हणाली, "चला आत्ये, ऊन झालं." तरी हलली नाही.

"आमच्या दारात चुकलो म्हनाया कोन आलंय आजवर?" ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून माझ्याआधी चालू लागली.