शपथ दर्याची होती

आचऱ्याच्या खाडीकाठी अस्लम तांडेलांना नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. सगळ्या मोहल्ल्याचे ते बडेअब्बा. लग्नाच्या मांडवात पुढची खुर्ची त्यांची, जाळ्यावरून जुंपली की निवाडा त्यांचा, आणि शुक्रवारी हमिदाच्या घरी मासळीचं कालवण झालं की पहिली तुकडी त्यांच्या ताटात. हमिदा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, अतहरची बायको. अतहर बुडाला तेव्हा तिचा रमीझ रांगत होता. सुकी मासळी विकून तिनं पोर वाढवलं, दुसरं लग्न केलं नाही, आणि शेजारच्या घरात राहून इतकी वर्षं दिराला ताट पोचवत राहिली. का, तर माझ्या माणसासाठी ह्यांनी जीव धोक्यात घातला म्हणून.

बडेअब्बांचा सगळा मान त्या एका गोष्टीवर उभा होता, आणि ती ते फार छान सांगत. खाडीच्या तोंडाशी लाट फुटली, होडी पालथी झाली, वल्हं अतहरच्या डोक्याला लागलं. "तीनदा बुडी मारलंय मी. तिसऱ्या बुडीक हात गावलो. गावलो, आणि निसटलो!" इथं ते उजवा पंजा पुढे धरून त्याच्याकडे बघत बसत. भलेभले डोळे पुसायचे. हमिदानं मात्र ती गोष्ट पुरी कधी ऐकली नाही. वल्ह्याचं नाव निघालं की ती उठून आत जाई. तिला एकच कोडं पडलेलं असे. पेटती विडी तोंडात धरून खाडी पार करणारा नवरा तिचा, तो बुडालाच कसा? लोक म्हणत, नशीब. तीही मग नशीबच म्हणे.

आता खरं सांगून टाकतो. बडेअब्बांना पोहता येत नव्हतं. अजिबात नाही. अहो, त्यात लाजायचं काय आहे! दर्यावर जन्म काढलेले कितीतरी खलाशी पोहायला शिकत नाहीत. होडी आहे कशाला? पण ह्यांचा धाकटा भाऊ माशासारखा पोहायचा, आणि थोरल्याला ते पोरवयापासून खुपायचं. म्हणून हे काठावर उभं राहून मिशीवर ताव देत आणि म्हणत, पोवणं पोरांचं काम. पुढे अतहर गेल्यावर तर त्यांनी भर मोहल्ल्यात शपथच घेतली : "ज्या पाण्यान माझो भाव खाल्ल्यान, त्या दर्यात मी गुडघ्याच्या वर जावचंय नाय." मोहल्ला ढसाढसा रडला. काय सोयीची शपथ हो! त्या दिवसापासून बडेअब्बांना पाण्यात का उतरत नाही असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग तालुक्याला ते केंद्र झालं. सार्वजनिक करमणूक केंद्र असं पाटीवर, पण लोक त्याला टँकच म्हणतात. एका हॉलमध्ये कॅरम नि टेबलटेनिस, आणि पलीकडे पत्र्याच्या उंच छपराखाली निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव. रमीझची मुलगी अलीजा तिथं शिकायला जाऊ लागली. नऊ वर्षांची काटकुळी पोर, पण अंगात सख्ख्या आजोबाचं, अतहरचं पाणी. वार्षिक मेळाव्याला आजी-आजोबा आणि नातवंडं अशी शर्यत होती, आणि ह्या छोट्या बाईसाहेबांनी कुणाला न विचारता बडेअब्बांचं नाव देऊन ठेवलं होतं.

"तुमी येवकच होया, बडेअब्बा. मी मैत्रिणींका सांगलंय, माझो आजो दर्यावरचो तांडेल आसा."

बडेअब्बा मनातून हादरले. पण तोंडावर काय दाखवतात! शपथेचं बोलले, डोळे मिटले, उसासा टाकला. इतकी वर्षं एवढ्यावर काम भागत आलेलं. आणि तेवढ्यात हमिदा बोलली. तिनं हे अगदी मायेनं म्हटलं, तेच वाईट.

"शपथ दर्याची होती, भाय. ह्या नळाचा पाणी. औषध घालतत त्येच्यात. पोरीचा मन मोडू नका."

शपथेतून सुटकाच केली की तिनं त्यांची! आता नाही म्हणायला तोंड कुठलं? रात्री पडल्या पडल्या बडेअब्बांनी हिशेब मांडला. शर्यत उथळ बाजूला, आडवी. पाणी छातीपर्यंत. पोहायचं कशाला, चालत जाऊ, हात हलवत राहू. कुणाला कळतंय?

मेळाव्याच्या दिवशी आत पाऊल टाकताच औषधाचा उग्र वास त्यांच्या नाकात गेला. बाकांवर ही गर्दी. शिकवणारा केयूर, गळ्यात शिट्टी, तरणाबांड, त्यानं आधी त्यांच्या डोक्यावरची जाळीची टोपी काढायला लावली. "आजोबा, इथं रबरी टोपी सक्तीची आहे." ती गुलाबी होती. खाली भाड्यानं घेतलेली चड्डी, नाडी नसलेली. बाहेर आले तेव्हा पोटावर एक हात नि चड्डीवर एक हात. बाकांवर फिस्सकन हसू फुटलं. रमीझ, ज्याला ह्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवल्या, तोसुद्धा मोबाईल धरून हसत होता. आणि केयूरनं भोंग्यावर पुकारलं, "आता उतरतायत आचऱ्याचे दर्यावर्दी! भावासाठी भर समुद्रात तीन वेळा उडी मारणारे अस्लम तांडेल! जोरदार टाळ्या!" अलीजानं सगळं सांगून ठेवलं होतं. लोक उभे राहिले. हमिदा पुढच्या बाकावर ओढणी सावरत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पायऱ्या उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. पाणी खरंच छातीपर्यंत. अलीजाला मात्र ते गळ्याशी येत होतं. ती चवड्यांवर उभी राहून हसत होती. शिट्टी झाली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला ओल्या फरशीवरून टाच सरकली.

संपलं. डोक्यावरून पाणी गेलं नि बडेअब्बांना वर कुठे नि खाली कुठे कळेना. पाय टेकवले असते तर उभे राहिले असते हो! पण पाय टेकवायला आधी भीती सोडावी लागते. ते हातपाय झाडू लागले, नाकातोंडात पाणी, तोंडातून "गॅं गॅं" असा आवाज. बाक खदखदून हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कुणीतरी ओरडलं, "तांडेलाक आधी बादलीत उतरवा रे!" आणि पुन्हा हशा.

पोर तेवढी हसली नाही. ती सपासप पोहत आली नि तिनं हात पुढे केला. "माका धरा, बडेअब्बा!"

धरलं त्यांनी. आधी हात, मग खांदे, मग डोकं. तिला खाली दाबून ते वर आले, आणि वर हवा होती. हवेसारखं गोड काही नसतं. ती पायाखाली वळवळत होती तरी त्यांनी तिला सोडलं नाही, आणखी दाबलं. तो खांदा त्यांच्या हातांना ओळखीचा होता. त्या दिवशी अतहरच्या डोक्याला वल्हंबिल्हं काही लागलं नव्हतं. तो धडधाकट होता, किनाऱ्याकडे निघालाही होता, आणि भावाची हाक ऐकून माघारी वळला होता. "भाय, माका धर!" असंच म्हणाला होता तोही. पालथ्या होडीला हात पोचेपर्यंत बडेअब्बांनी त्याचे खांदे धरून त्याला खाली दाबलं, मग त्यांवर पाय दिले, आणि होडी हाताशी आल्यावर खाली पाहिलं तर पायांखाली कुणी नव्हतं.

केयूरनं उडी घेतली. पोरीच्या खांद्यांत रुतलेली बोटं त्याला एकेक करून उपटावी लागली. तिला काठावर आडवं घातलं, ती पाणी ओकली, खोकली, मग रडू लागली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. केयूरनं म्हाताऱ्यालाही उभं केलं. चार फूट पाण्यात. गुलाबी टोपी एका कानावर लोंबत होती, चड्डी सुटून बाजूला तरंगत होती, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

हमिदा ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. नातीच्या दोन्ही खांद्यांवर बोटांचे लाल वळ उठले होते. तिनं त्यांवरून हलके हात फिरवला, एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. मग मान वर करून दिराच्या हातांकडे बघितलं. तोंडाकडे नाही. कितीतरी वेळ ती त्या हातांकडेच बघत राहिली.

घरी आल्यावर रमीझ "म्हातारपण, दुसरा काय" म्हणाला, मोहल्ल्यात दोन दिवस चावट चेष्टा झाली आणि थांबली. हमिदानं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. बडेअब्बा मात्र कावरेबावरे होऊन शुक्रवारची वाट बघत राहिले. ताट येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. एका परीनं तसं झालं तर बरंच, असंही त्यांना वाटलं.

शुक्रवारी नमाजानंतर दार वाजलं. ताट आलं होतं! तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, पहिली जाड तुकडी. बडेअब्बांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वळांवरून काही ओळखलं नाही म्हणजे तिनं, त्यांना वाटलं. त्यांनी घास मोडला.

हमिदा गेली नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसली.

"सांगा, भाय."

"काय सांगू?"

"अतहरची गजाल. मी पुरी ऐकूकच नाय कधी. पयल्यापासून सांगा."

"आता कित्याक ता, हमिदा…"

"सांगा."

घास हातात तसाच राहिला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाट फुटली. होडी पालथी झाली. वल्हं. इथं ते थांबले, ती उठते का बघितलं. ती उठली नाही.

"खंय लागला वल्हा?"

"डोक्याक."

"मग?"

त्यांनी पहिली बुडी सांगितली, दुसरी सांगितली. ती प्रत्येक वेळी तेवढंच म्हणत होती, मग? तिसरी बुडी आली आणि सवयीनं त्यांचा उजवा पंजा आपोआप पुढे झाला, कालवणानं माखलेला. हमिदानं तो मनगटाशी धरला. उलटा करून बघितला. बोटं बघितली.

"निसटलो," बडेअब्बा म्हणाले. त्यांना स्वतःलाही ते नीट ऐकू आलं नाही.

तिनं हात सोडून दिला, तो ताटात पडला. मग ओढणी सारखी करत ती उठली.

"जेवा आता. सगळा संपवा," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी परत येतंय मी. तेवाय असाच सांगा."